गादी सरकली म्हणजे शस्त्रक्रियाच नव्हे

डोंबिवली-कल्याणहून ठाणे-मुंबईकडे रोज लोकलने उभ्याने जाणाऱ्या चाकरमान्यांना कंबरदुखी नवी नाही. मणक्यांमधील गादीचे बाह्य कडे चिरले की आतला जेलीसारखा गर बाहेर येऊन नसेचा दाह करतो. बहुतेकांचे हे दुखणे ६ ते १२ आठवड्यांत औषधे व व्यायामाने ओसरते. न ओसरल्यास क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, स्थानिक भूल देऊन नसेलगत सुईने स्टेरॉइड सोडतात. दाह शमतो; गादी मात्र सांधली जात नाही आणि आराम बहुधा काही आठवडे वा महिनेच टिकतो. पायात उतरणाऱ्या कळेवर त्याचा गुण अधिक, निव्वळ कंबरदुखीवर कमी. पपईच्या चिकातील द्रव्याने गादी विरघळवण्याचा उपाय अमेरिकेत १९८२ साली मान्य झाला खरा. २००३ मध्ये त्याची विक्री तेथे थांबली. लघवीवरील ताबा सुटल्यास वा जांघेत बधिरता आल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रियेला विलंब परवडत नाही.