नाका उठला, कर कुठे गेला?

श्रोतेहो, गुळाची ढेप तोलायला तराजू असतो, शेताची हद्द मोजायला साखळी असते आणि दुधाला माप असते. पण माणसाला आपला धंदा करण्याची, आपला माल हव्या त्या ठिकाणी नेऊन विकण्याची मोकळीक किती आहे, हे मोजायचे कशाने? आणि सरकारच्या एखाद्या धोरणाने ती वाढली की घटली, हे ठरवायचे कसे? प्रश्न जरा पुस्तकी वाटेल. पण त्याचे उत्तर शोधायला आपण पुस्तकाकडे न जाता आधी एका नाक्यावर जाऊ.

हा नाका मुंबईच्या ईशान्य टोकाला, मुलुंडला आहे. मुलुंड संपले की ठाणे सुरू होते. पूर्वी हे सारे गाव-खेडेच होते. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि अंधेरी, घाटकोपर ही उपनगरे शहरात आली. १९५७ साली ती आणखी सरकली आणि बोरिवली, दहिसर, मुलुंड आत आले. हद्द सरकली तशी जकातही सरकली. शहरात येणाऱ्या मालावर कर घेण्याचा अधिकार मुंबई महापालिकेला १८८८ च्या कायद्यापासूनच होता. त्याला आधी शहर-शुल्क म्हणत, पुढे त्याचेच जकातीत रूपांतर झाले. दहिसर, मुलुंडचे दोन रस्ते, ऐरोली आणि मानखुर्द अशा पाच ठिकाणी रस्त्यावर नाके बसले.

नाक्यावर काय घडे ते एका उदाहरणाने पाहू. मुलुंडचा नाका ओलांडला की पलीकडे ठाण्याची वागळे इस्टेट लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १ ऑगस्ट १९६२ रोजी तेथेच झाली. समजा, वागळे इस्टेटीतल्या एका लहान कारखान्यात लोखंडी कपाटे तयार झाली आणि ती मुलुंडच्या दुकानात पोचवायची आहेत. अंतर म्हणाल तर दोन-चार किलोमीटर. पण मध्ये नाका. टेंपो रांगेत उभा राहणार, पावत्या दाखवायच्या, मालाची किंमत ठरायची, तिच्यावर शेकड्याने जकात भरायची आणि मग पुढे जायचे. तेच कपाट भांडुपला तयार झाले असेल तर मुलुंडला यायला त्याला कोणी अडवीत नसे. अर्थात भांडुपच्या कारखानदारानेही आपल्या पत्र्यावर आधी जकात भरलेली असे, हे विसरू नये.

आता हिशेब मांडू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. टेंपोचे दहा तासांचे भाडे दोन हजार रुपये धरा. नाक्यावर तीन तास मोडले, म्हणजे सहाशे रुपये गेले. जकातीचे पैसे निदान महापालिकेच्या तिजोरीत जमा झाले आणि त्यातून रस्ते झाले, दवाखाने चालले. पण हे सहाशे रुपये कोणाच्या तिजोरीत गेले? कोणाच्याच नाही. ते रस्त्यावर धूर होऊन गेले. कपाटवाल्याने दिले खरे, पण मिळाले कोणालाच नाहीत. धोरणाचा परिणाम मोजताना पहिली खूणगाठ हीच बांधावी, की सरकारला किती मिळाले एवढेच मोजून चालत नाही. देणाऱ्याचे एकंदर किती गेले तेही मोजावे लागते.

हे मोजण्याची कल्पना नवी नाही. १८३० च्या दशकात चार्ल्स ट्रेव्हेलियन नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने बंगाल इलाख्यातील अंतर्गत जकात आणि शहर-शुल्क यांची कसून पाहणी केली. सरकारला मिळणाऱ्या पैशाच्या मानाने व्यापाराचा होणारा छळ फार मोठा आहे, असे त्याने दाखवून दिले. १८३६ साली बंगालमधील अंतर्गत जकात उठली आणि लवकरच मुंबई इलाख्यातही उठली. वाटेवरच्या चौक्या गेल्या, बैलांचे तांडे मोकळे झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. चौक्या गेल्या, म्हणून सरकारचा खर्च काही कमी झाला नव्हता. मग ती तूट कशातून भरून काढली? मिठातून! १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर बसला. मण म्हणजे आजचे सुमारे ३७ किलो. १८४४ साली हा कर एकदम एक रुपया करण्यात आला, तेव्हा सुरतेत दंगा उसळला आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. व्यापाऱ्याच्या तांड्यावरचा भार उतरला आणि मजुराच्या भाकरीवर चढला. व्यापारापुरते मोजले असते तर स्वातंत्र्य वाढले, असेच उत्तर आले असते. घराघरातील मिठाचे मडके मोजले असते तर उत्तर निराळे आले असते.

मुलुंडच्या मुलांना हे सांगताना शिक्षकांनी त्यांना पूर्वेच्या खाडीकडे न्यावे. मुलुंड, भांडुप, कांजूर यांच्या पूर्वेस मिठागरांच्या जमिनी आहेत, आणि मुलुंडात आजही एका रस्त्याचे नाव मिठागर रोड आहे. एकाच गावात नाका आणि मिठागर, म्हणजे या इतिहासाची दोन्ही पाने तिथे शेजारी शेजारी आहेत. पुढे याच मिठासाठी १९३० च्या एप्रिलात अंधेरीजवळच्या विलेपार्ल्यात सत्याग्रहाची छावणी पडली, जमनालाल बजाज तिच्यात होते. समुद्राचे पाणी आटवून मूठभर मीठ करणे हा ज्या राज्यात गुन्हा होता, त्या राज्यात माणूस आपल्या धंद्यात किती मोकळा होता, हे सांगायला आणखी आकडे कशाला हवेत? मिठावरचा तो कर १९४७ साली उठला.

मग प्रत्येक नाका म्हणजे जुलूमच का? तसेही म्हणता येणार नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशात मीठ स्वस्त होते, म्हणून व्यापारी तिकडे वळू लागले होते. आपल्या मुलखातील मिठाचा व्यापार बुडू नये म्हणून महाराजांनी बारदेशच्या मिठावर जकात जबर बसवायला सांगितले. इथे जकात आपल्या मिठागरवाल्याच्या पाठीशी उभी आहे. मात्र मीठ विकत घेणाऱ्याला त्यासाठी चार पैसे जास्त मोजावे लागणार, हेही खरे. म्हणजे एकाच धोरणाने एकाचा हात मोकळा होतो आणि दुसऱ्याचा थोडा आखडतो. म्हणून माप घेताना "मोकळीक कोणाची?" हे आधी विचारावे.

आता पुन्हा मुलुंडला येऊ. गुजरातने २००७ साली आपल्या महापालिकांची जकात रद्द केली. महाराष्ट्रात २०१३ साली ठाणे, पुणे अशा महापालिकांत जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. त्यात माल रस्त्यावर अडवण्याऐवजी व्यापाऱ्याच्या वह्यांवरून कर घ्यायचा होता. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली. रांगेत उभे राहणे वाईट, पण हिशेबाच्या वहीत कोणी केव्हाही डोके घालील ही भीती त्याहून वाईट, असे त्यांचे म्हणणे पडले. २०१५ च्या ऑगस्टपासून पन्नास कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांना हा कर माफ झाला. मुंबईत मात्र या सगळ्या काळात जकातच चालू राहिली. म्हणजे काही वर्षे मुलुंड नाक्याच्या अलीकडे एक पद्धत आणि पलीकडे दुसरी, अशी स्थिती होती. लोक तेच, रस्ता तोच, फक्त धोरण निराळे. धोरणाचा परिणाम तपासणाऱ्याला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार?

३० जून २०१७ च्या मध्यरात्री देशभर वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. पाचही नाक्यांवरील जकातीच्या रांगा गेल्या. कपाटवाल्याचे तीन तास वाचले. ही मोकळीक खरी आहे, तिला कमी लेखू नये.

पण जुना प्रश्न पुन्हा विचारायला हवा. नाका उठला, कर कुठे गेला? जकात मुंबई महापालिकेला अखेरच्या काळात वर्षाला सात हजार कोटी रुपयांच्या घरात उत्पन्न देत होती. ते तिचे स्वतःचे, रोजच्या रोज हाती येणारे उत्पन्न होते. त्याच्या जागी राज्य सरकारने भरपाई देण्याचा कायदा केला. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी शेकडा आठ वाढ द्यायची, असे ठरले. जुलै २०१७ मध्ये सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला हप्ता मिळालाही. तरी ज्या घरात कर्त्याच्या हाती स्वतःची कमाई होती, त्या घरात आता महिन्याच्या महिन्याला थोरल्या भावाकडून पैसे येऊ लागले. पैसे वेळेवर येतात तोवर काही बिघडत नाही. पण आपल्या करावर आपला हात असणे आणि दुसऱ्याने दिलेल्या रकमेवर संसार चालवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. ग्रामपंचायत चालवणाऱ्या मंडळींना हे अधिक सांगायला नको. व्यापाऱ्याची मोकळीक वाढली, त्याच वेळी महापालिकेची मोकळीक कमी झाली.

तपासणीही पुरती गेली नाही, तिने जागा बदलली. २०१८ साली मालाबरोबर ई-वे बिल बाळगण्याची पद्धत आली. म्हणजे नाका रस्त्यावरून उठला आणि कागदावर आला. रस्त्याच्या टोलचे नाके तर वेगळेच होते. मुंबईच्या या वेशींवर हलक्या मोटारींना ऑक्टोबर २०२४ मध्ये टोल माफ झाला. अवजड वाहनांना तो तेव्हा लागूच राहिला.

आता पुस्तकाकडे वळू. कॅनडातील फ्रेझर इन्स्टिट्यूट ही संस्था १९९६ पासून देशोदेशींच्या आर्थिक स्वातंत्र्याचा निर्देशांक प्रसिद्ध करीत आली आहे. ती पाच गोष्टी पाहते: सरकारचा पसारा, कायदा व मालमत्तेची सुरक्षितता, पैशाची स्थिरता, परदेशी व्यापाराची मुभा आणि धंद्यावरचे निर्बंध. आपल्याकडे बिबेक देबरॉय, लवीश भंडारी या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील राज्यांसाठी असा निर्देशांक तयार केला. त्यात मात्र तीनच गोष्टी घेतल्या. का बरे? कारण नोटा छापणे आणि परदेशी व्यापाराचे नियम करणे हे राज्याच्या हाती नाही. जे ज्याच्या हातात नाही त्याचे गुण त्याला द्यायचे नाहीत आणि दोषही द्यायचा नाही, हा नियम शिक्षकांना तपासलेल्या पेपरांवरून ठाऊकच आहे. त्यांच्या २०१३ च्या अहवालात गुजरात पहिले होते.

अशा यादीचा उपयोग आहे. शेजारचे राज्य पुढे का गेले, हा प्रश्न तरी त्यातून उभा राहतो. २०१५ साली केंद्र सरकारने उद्योगांना किती सोयी दिल्या यावरून राज्यांचा क्रम लावला, तेव्हा महाराष्ट्राचा क्रमांक आठवा लागला, आणि त्यावर बरीच चर्चा झाली. पण यादीवर आंधळा विश्वासही नको. जागतिक बँकेने धंद्याच्या सुलभतेची आपली नावाजलेली यादी २०२१ साली बंद केली, कारण तिच्या आकड्यांत ढवळाढवळ झाल्याचे चौकशीत आढळले. शिवाय महाराष्ट्राला एक आकडा दिला की त्यात अंधेरीचा कारखानदार आणि गडचिरोलीचा तेंदूपान गोळा करणारा दोघेही एकाच पोत्यात भरले जातात. पोत्याचे वजन कळते, आत काय आहे ते कळत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम आपल्या वर्गात करून पाहा. गावातील पाच माणसे निवडा: एक शेतकरी, एक दुकानदार, एक सुतार किंवा लोहार, एक दूध घालणारी बाई आणि एक टेंपोवाला. प्रत्येकाला विचारा, की गेल्या वर्षी सरकारी कामासाठी किती कागद लागले, किती खेपा झाल्या, किती दिवस गेले, पावतीवर किती पैसे दिले आणि पावतीशिवाय किती खर्च झाला. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. जाहीर केलेल्या सेवेला किती दिवस लागावेत हे त्यात ठरवून द्यावे लागते. ठरलेले दिवस एका रकान्यात लिहा, लागलेले दिवस दुसऱ्या रकान्यात. दोहोंतला फरक म्हणजे आपल्या गावाचा निर्देशांक. शेवटी एक रकाना रिकामा ठेवा आणि त्यात लिहा, की जो नियम उठला त्याचा भार आता कोणावर पडला.

हा शेवटचा रकाना १८३७ साली कोणी भरला नाही. भरला असता तर मिठाचा कर इतक्या सहज बसला नसता. मुलुंडच्या रस्त्याने आपण कधी गेलात, तर मोटार न थांबता पुढे जाईल. त्या वेळी डावी-उजवीकडे पाहा आणि मुलांना सांगा, की इथे पूर्वी गाड्यांच्या रांगा लागत. त्या का लागत, कशा गेल्या आणि त्यांच्या जागी काय आले, हे तीनही प्रश्न मुलांनी विचारले, तर आजचे हे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.