महारोग, पोवाडे आणि अ‍ॅकवर्थसाहेब

मराठी पोवाड्यांचे इंग्रजी अनुवाद शोधू लागले की फार लवकर एच. ए. अ‍ॅकवर्थ हे नाव समोर येते. १८९१ साली शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ छापले आणि १८९४ साली त्यांतल्या निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्यरूप लंडनहून प्रसिद्ध केले. गोंधळी-शाहिरांच्या तोंडी असलेले अफझलखानाच्या वधाचे, सिंहगडाच्या लढाईचे पोवाडे इंग्रजी वाचकापर्यंत पोचले ते त्यांच्यामुळे. तौलनिक साहित्यात एम.ए. करत असल्यापासून मी या अनुवादांकडे परत परत येते. त्यांचे यमकांचे वेड मला पेलत नाही, पण डफ-तुणतुण्यावरची रचना साहित्य म्हणून वाचावी असे त्या काळच्या सनदी अधिकाऱ्याला वाटले, ही लहान गोष्ट नव्हे.

मुंबईत मात्र अ‍ॅकवर्थ हे नाव पोवाड्यांचे नाही, वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाचे आहे. माणूस एकच. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना त्यांनी लोकवर्गणीच्या आधाराने माटुंग्याला ‘होमलेस लेपर असायलम’ उभे केले. तेच आजचे रुग्णालय. मला अनुवादक म्हणून अडवतो तो त्या नावातला पहिला शब्द. आश्रम महारोग्यांसाठी नव्हता, बेघर महारोग्यांसाठी होता.

त्या वेळी भीतीची लाटच आली होती. हवाई बेटांतल्या मोलोकाई येथे महारोग्यांची सेवा करणारे बेल्जियन धर्मगुरू फादर डेमियन १८८९च्या एप्रिलमध्ये त्याच रोगाने गेले. गोऱ्या माणसालाही हा रोग होतो, सेवा करता करता होतो, या बातमीने लंडन हादरले. त्यातून नॅशनल लेप्रसी फंड निघाला आणि १८९०-९१मध्ये एक आयोग हिंदुस्थानभर फिरला.

भीतीला शास्त्राचा आधारही नुकताच मिळाला होता. नॉर्वेतल्या बर्गन शहरात १८७३च्या फेब्रुवारीत गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन यांना रुग्णाच्या गाठीतल्या पेशींत काडीसारखे जिवाणू दिसले. त्यांचे सासरे डॅनिएल डॅनिएलसन हे त्या काळचे या रोगाचे सर्वांत मोठे जाणकार, आणि रोग आनुवंशिक आहे यावर ते ठाम होते. त्यांनी स्वतःला रुग्णाच्या शरीरातले द्रव्य टोचून पाहिले होते, काही झाले नव्हते. जावयाने दुसरी टोकाची वाट धरली. १८७९ साली हॅन्सननी कारी निल्सदॉटर या रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिची संमती न घेता दुसऱ्या रुग्णाचे द्रव्य टोचले. ती न्यायालयात गेली आणि १८८० साली हॅन्सनना रुग्णालयातले पद गमवावे लागले. देशाच्या कुष्ठरोग विभागाचे प्रमुखपद मात्र राहिले.

बर्गनहून मुंबईला येणारा दुवाही आहे. ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ या विख्यात ग्रंथातली चित्रे काढणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर मुंबईत डॉक्टर होते, काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. १८७३मध्ये ते नॉर्वेला गेले, तिथली रुग्णालये पाहिली, आणि विलगीकरणाचा आग्रह धरणारा अहवाल पुढच्या वर्षी लिहिला.

आता त्या जिवाणूबद्दल. तो अतिशय सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर वाढवता आलेला नाही. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात: त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांच्या कातडीजवळून जाणाऱ्या नसा. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून, दीर्घ सहवासात तो पसरतो असे मानले जाते. बहुसंख्य माणसांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. लागण आणि लक्षण यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. आणि मुख्य मुद्दा: तळपायाच्या जखमा, झडलेली बोटे ही प्रसाराची वाट नव्हे. नस बधिर झाली की चटका, काटा, चपलेतला खडा कळत नाही. जखम दुर्लक्षित राहते, चिघळते. ज्याच्या अंगावर एकही जखम नाही, चेहरा फक्त थोडा तुकतुकीत आहे, अशा माणसाच्या नाकात जिवाणू अगणित असू शकतात.

अ‍ॅकवर्थच्या काळी यातले सगळे कळलेले नव्हते. पण आयोगाने १८९३च्या अहवालात एवढे सांगितले होते की रोग आनुवंशिक नाही, संसर्गाने पसरतो तो फारच थोडा, आणि सक्तीच्या विलगीकरणाला आधार नाही. फंडाच्या लंडनमधल्या समितीलाच हे निष्कर्ष रुचले नाहीत. १८९७च्या बर्लिन परिषदेने विलगीकरणाची बाजू घेतली, आणि १८९८ साली हिंदुस्थानात ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ आला.

हा कायदा मी मराठीत आणायला बसले तेव्हा व्याख्यांच्या कलमावरच थांबले. ‘लेपर’ कोण? ज्याच्या अंगावर व्रण पडायला सुरुवात झाली आहे तो. आणि ‘पॉपर लेपर’ कोण? जो उघड्यावर भीक मागतो, भिकेसाठी जखमा दाखवतो, किंवा उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना मोकळा फिरतो तो. अशाला पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडावे. खाद्यपदार्थ विकणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे, भाड्याच्या गाडीत बसणे यांवरही सरकारला बंदी घालता येई. हवेलीत राहणाऱ्या महारोग्याला पकडून नेण्याची तरतूद नव्हती. नॉर्वेच्या १८८५च्या कायद्यातही ज्याच्या घरी वेगळी खोली असेल त्याला घरीच राहता येत होते. नाकातला जिवाणू कुणाचे उत्पन्न विचारत नाही, कायदा मात्र विचारत होता.

‘पॉपर’ला मी ‘निष्कांचन’ लिहून पाहिले. फारच सोवळे वाटले. शेवटी ‘भणंग महारोगी’ ठेवले, कारण मूळ शब्दातला तिटकारा त्यात उतरतो. ‘लेपर’चे काय करायचे हा प्रश्न आणखी अवघड, कारण आपल्या भाषांतच गोंधळ आहे. संस्कृत ‘कुष्ठ’ हिंदीत ‘कोढ़’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ हाच रोग. मराठीत तोच शब्द ‘कोड’ झाला आणि पांढऱ्या डागांना चिकटला, ज्यांचा जिवाणूशी काही संबंध नाही. मग मराठीने या रोगासाठी ‘महारोग’ घेतला, बंगालीने ‘महाव्याधी’, तमिळने ‘पेरुनोय’, म्हणजे मोठा रोग. गुजराती ‘रक्तपित्त’ आणि आपली ‘रक्तपिती’ रक्ताला दोष देतात. आज ‘कुष्ठरुग्ण’ लिहावे हे मला मान्य आहे, पण १८९८च्या कायद्याच्या तोंडी तो शब्द घातला तर कायदा होता त्यापेक्षा सभ्य दिसतो.

अ‍ॅकवर्थ निर्दय होते असे मला म्हणायचे नाही. फुटपाथवरच्या माणसाला छप्पर आणि जेवण मिळाले, हेही खरे. पण गोंधळ्याच्या तोंडचे कवन ऐकून ते जपावे असे ज्याला वाटले, त्याच्या आश्रमातल्या माणसांचे स्वतःचे शब्द मला अजून कुठे सापडलेले नाहीत. नोंदी त्यांच्याविषयी आहेत, त्यांच्या नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्गाची शक्यता संपते. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. लेपर्स अ‍ॅक्ट रद्द झाला २०१६मध्ये. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ‘उग्र व असाध्य’ कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते कलम २०१९मध्ये निघाले. तोवर रोग साध्य झाल्याला ३८ वर्षे होऊन गेली होती.