पुण्यातील सायकलचा संसार

विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची काही दशके पुणे हे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई, कारण पेठांमधील अंतरे आटोपशीर होती आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पाळीला जाणाऱ्या कामगाराला किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याला दुसरे वाहन परवडत नसे. ज्यांना सायकल विकत घेता येत नसे, त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलला लावावा लागे, आणि ‘डबलसीट’, म्हणजे दुसऱ्याला मागे बसवून, जाणाऱ्यास पोलीस अडवीत.

रात्री दिवा सक्तीचा असल्याने त्याची चिंता रोजचीच होती: रॉकेलचा दिवा वाऱ्याने विझे, तर टायरला घासून फिरणाऱ्या आणि त्यातून वीज निर्माण करणाऱ्या डायनॅमोमुळे पायडल जड होई, शिवाय सायकल थांबताच उजेडही जाई.

डनलॉपने 1888 साली बेलफास्टमध्ये हवेचे टायर प्रचारात आणले, तेव्हापासून पंक्चर सायकलस्वाराच्या पाचवीलाच पुजले गेले. दुकानदार ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवून बुडबुड्यांवरून छिद्र हेरी, ती जागा कानशीने खरवडून सोल्यूशन लावी आणि ते जरा सुकल्यावरच रबराचा तुकडा दाबून बसवी. बुडबुडे कुठेच दिसले नाहीत, तर दोष बहुधा वॉल्व्हवरच्या बारीक रबरी नळीत असे आणि ती बदलली की काम भागे. हे अस्सल कारागिरीचे ज्ञान शहराच्या इतिहासात नोंदले जायलाच हवे होते.