रांगणा ते सिंधुदुर्ग : एका राजकुटुंबाची घाटवाट (१७०८)

मराठेशाहीच्या इतिहासग्रंथांत इ.स. १७०८च्या घडामोडी सांगताना एक वाक्य हटकून येते : शाहूंनी रांगण्यास वेढा घातला, तेव्हा ताराबाई सिंधुदुर्गास गेल्या. इतिहासकार पुढे वळतो आणि वाचकही त्याच्यामागे जातो. ‘गेल्या’ या एका क्रियापदात सह्याद्रीचा कडा, दाट झाडी, नदीचे उतार, कुडाळचा सखल प्रदेश आणि मालवणची खाडी एवढे सर्व सामावले आहे, याची जाणीव वाचताना होत नाही. या क्रियापदाचा विस्तार करून पाहावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. तसा विस्तार केल्यास या प्रसंगाचा रूढ अर्थही थोडा बदलतो, असे मला वाटते.

प्रसंग थोडक्यात असा. १७०७च्या आरंभी औरंगजेब वारला आणि त्याच वर्षी शाहूंची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली. ऑक्टोबरात खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. त्यानंतर शाहूंनी दक्षिणेकडे मोर्चा वळवून पन्हाळा घेतला. ताराबाई रांगण्याच्या आश्रयास आल्या. शाहूंची फौज तेथेही पोचली. ताराबाई कोकणात उतरून सिंधुदुर्गास गेल्या आणि रामचंद्रपंत अमात्यांनी रांगणा लढविला. पावसाळा आला आणि शाहूंना किल्ला न घेताच परतावे लागले.

या सर्व राजकारणाच्या मुळाशी एक कुटुंब होते, ही गोष्ट आपण विसरतो. हंबीरराव मोहित्यांची ही कन्या त्या वेळी तेहेतीस वर्षांची विधवा होती. ज्या मुलाच्या गादीसाठी हा झगडा चालला होता, तो शिवाजी १६९६ साली जिंजीस जन्मलेला, म्हणजे जेमतेम बारा वर्षांचा होता. समोर शत्रू म्हणून उभा होता तो पतीच्या थोरल्या भावाचा मुलगा. घरातल्याच माणसाने घराबाहेर काढले आणि डोंगर ओलांडावा लागला, अशी ही स्थिती होती.

आता वाटेकडे वळू. रांगणा उर्फ प्रसिद्धगड हा आज कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यात मोडतो. पण त्याचे तोंड कोकणाकडे आहे. घाटमाथ्यावरून पाटगाव, भटवाडी, चिक्केवाडी अशी वस्ती मागे टाकीत गडावर येता येते, आणि पश्चिमेस कडा उतरला की पायथ्याशी कुडाळ तालुक्यातले नारूर गाव लागते. गडावर रांगणाईचे देऊळ आहे, पाण्याचा मोठा तलाव आहे. तटावर उभे राहिले असता खाली कोकण पसरलेले दिसते. नारूरहून कुडाळ आणि कुडाळहून मालवण हे अंतर डोंगराची उतरण धरूनही साठ किलोमीटरांहून अधिक नाही. अंतर थोडे, पण पहिला टप्पा मोठा अवघड.

राजस्त्रिया मेण्यातून जात, असे आपण गृहीत धरतो. ही उतरण ज्याने पाहिली आहे तो हे गृहीत सोडून देईल. भोयांना मेणा घेऊन जेथे पाऊल वळविता येत नाही, तेथे आतील माणसास उतरून चालावेच लागते. प्रस्तुत लेखकाने एका माघ महिन्यात पत्नी व दोन मुलांसह ही वाट गडावरून नारूरकडे उतरली. धाकटा मुलगा त्या वेळी बारा वर्षांचाच होता. या योगायोगाचे महत्त्व मला खाली पोचल्यावर कळले. सकाळी निघालेले आम्ही दिवस कलल्यावर गावात आलो. कारवीच्या दाटीत वाट दोनदा हरवली. पुढे कोयत्याने झुडपे तोडीत चाललेला नारूरचा वृद्ध वाटाड्या एका ठिकाणी ओल्या मातीतील खुरांकडे बोट दाखवून म्हणाला, “ही वाट आता गव्यांची, माणसांची खंयची?” मुले भ्यायली, मग हसली. घाटवाटेचा इतिहास लिहिणाऱ्याने मात्र ते वाक्य टिपून ठेवावयास हवे.

कारण ही झाडी आपोआप वाढलेली नाही. रांगणा लढविणारे रामचंद्रपंत पुढे १७१५च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिते झाले. त्यातील दुर्गप्रकरण वाचताना या गडाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गडाकडे येणारे मार्ग सुगम असू नयेत, असतील तर ते मोडून त्यांवर झाडी वाढवावी व अवघड जागेने नवा मार्ग काढावा, शिवाय अडीअडचणीसाठी चोरवाटा राखाव्या, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी त्यांनी घातलेले निर्बंध तर प्रसिद्धच आहेत. आंबा-फणसाची झाडे रयतेने पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात, ती तोडल्यास रयतेच्या दुःखास पारावार राहत नाही, हा विचार राज्यनीतीच्या ग्रंथात यावा, हे मला अपूर्व वाटते. हे सारे अमात्यांनी केवळ परंपरेवरून लिहिले असे मानण्याचे कारण नाही. ज्याने आपली राणी चोरवाटेने खाली उतरविली आणि वरची झाडी व पाऊस यांच्या भरवशावर गड राखला, त्याचा हा अनुभव आहे. आज्ञापत्र सिद्ध झाले तेव्हा ताराबाई सत्तेवरून दूर झाल्या होत्या व अमात्य राजसबाईंचे पुत्र संभाजी यांच्या पक्षी होते, हा दैवाचा खेळ वेगळा.

येथे काळाचा प्रश्न निर्णायक आहे. ताराबाईंचे सिंधुदुर्गास जाणे म्हणजे जीव घेऊन पळणे, असा समज सर्वत्र आहे. पण मृगाचा पाऊस सुरू झाला की घाटातले ओढे भरतात, वाटा निसरड्या होतात आणि वेढा घालून बसलेल्या फौजेची रसद तुटते. त्याच सुमारास मालवणचे बंदर मिटते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रावर कोणी जात नाही. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी जो सिंधुदुर्गात शिरला, त्याला मागून डोंगर आणि पुढून समुद्र असे दोन्ही बाजूंनी तीनचार महिने संरक्षण मिळाले. वाटेतील कुडाळचा मुलूख वाडीकर सावंतांच्या वर्चस्वाखालचा, तेथे रेंगाळण्यात धोका होता. त्यामुळे ही मजल जलद आणि आधी ठरवूनच झाली असली पाहिजे. हा पळ नव्हता, मोहरा हलविणे होते. १७१०मध्ये ताराबाई पुन्हा पन्हाळ्यास स्थिर झाल्या आणि कोल्हापूरची गादी उभी राहिली, यावरून हा हिशेब चुकला नव्हता असेच म्हणावे लागेल. पुढे १७६५च्या सुमाराचा अल्पकाळ सोडल्यास १८१२पर्यंत सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडेच राहिला. घाटमाथ्यावरच्या राज्यास समुद्रावर पाय ठेवावयास जागा मिळाली, ती अशाच वाटांच्या बळावर.

आज या वाटेची दोन्ही टोके सरकारी संरक्षणाच्या सावलीत आहेत. रांगण्याच्या उत्तरेकडील दाजीपूरचे रान कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. १९५८मध्ये तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले, १९८५मध्ये राधानगरी या नावाने ते ३५१ चौरस किलोमीटरांपर्यंत वाढले. आणखी उत्तरेस चांदोली २००४मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. २०१२मध्ये ही दोन्ही रानेही पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आली. दुसऱ्या टोकास, सिंधुदुर्गाच्या तटाभोवतीचे पाणी १९८७पासून मालवण सागरी अभयारण्यात मोडते. सुटीत पाठीवर पिशव्या टाकून आईबापांमागे चालणारी मुले या रानांत आता पुष्कळ दिसतात, आणि ती दिसावीत. त्यांना गवा, शेकरू, धनेश यांची माहिती सांगणारे फलक भेटतात. या रानात माणसे राहत होती, चालत होती, रान राखीत होती आणि त्यांतील काही राज्यही करीत होती, हे सांगणारा फलक मात्र मला अद्याप भेटलेला नाही. चांदोलीच्या क्षेत्रातून तर गावेच्या गावे उठविण्यात आली. रान राखताना माणसांच्या वाटा पुसल्या जाव्यात हे अटळ आहे काय, या प्रश्नाचे उत्तर वनखात्याइतकेच इतिहासाच्या विभागांनीही द्यावयास हवे. वाट माहीत असलेली माणसे वृद्ध झाली आहेत, आणि नकाशावर तुटक रेघ काढली म्हणजे वाट जतन झाली असे होत नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी मालवणास पोचलो आणि होडीने किल्ल्यात गेलो. राजारामांनी बांधविलेले शिवराजेश्वराचे देऊळ तेथे आहे. पतीने सासऱ्यासाठी उभारलेल्या त्या देवळापुढे ताराबाई १७०८च्या त्या दिवसांत उभ्या राहिल्या असतील. मुलाने विचारले, “मग परत त्या वर कशा गेल्या?” मी त्याला पन्हाळ्याचे साल सांगितले. वाट कोणती धरली, हे पाहावयास आम्ही पुढच्या माघात घोटग्याच्या बाजूने चढून जाणार आहोत.