एकशे एक दिवस: 'केसरी'ची पत्रं खोटी निघाली तेव्हा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "टिळक तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी ना?" हो, पण ते नंतर. टिळकांचा पहिला तुरुंगवास इंग्रज सरकारवर लिहिल्याबद्दल नव्हता. तो झाला एका मराठी माणसाच्या अब्रुनुकसानीसाठी. आणि ज्या पुराव्यावर सगळं लिहिलं होतं, तो बनावट होता. शाळेत हा भाग आपल्याला फार घाईत शिकवतात. आज जरा थांबून बघू.

साल १८८१. जानेवारीत पुण्यात दोन साप्ताहिकं निघाली. इंग्रजीत 'मराठा', मराठीत 'केसरी'. 'केसरी' आगरकर बघायचे, 'मराठा' टिळक. दोघांचा जन्म १८५६ चा, म्हणजे तेव्हा वय २४. शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पेपर काढायचा. आज कुणी कॉलेज संपवून यूट्यूब चॅनल काढतो ना, त्याच वयाची ही पोरं.

तिकडे कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज, वय जेमतेम अठरा. त्यांना वेड लागलंय असं जाहीर झालं होतं आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातात होता. महाराजांचा छळ होतोय, अशी बोलवा सगळीकडे. लोक चिडलेले. छत्रपतींच्या गादीचा प्रश्न होता, भावना किती तापल्या असतील याची कल्पना करा.

आणि अशा वेळी काही पत्रं बाहेर आली. बर्व्यांनीच लिहिली म्हणून सांगितलेली, महाराजांविरुद्धचा कट उघड करणारी. ज्याची सगळ्यांना शंका होती, नेमकं तेच त्यात होतं. 'केसरी' आणि 'मराठा' दोघांनी त्या पत्रांवर विश्वास ठेवून बर्व्यांवर आरोप केले.

इथे मी जरा माझं सांगतो. कॉलेजात आम्ही मित्र एक इन्स्टा पेज चालवायचो. मेसच्या जेवणाबद्दल सगळ्यांचीच तक्रार होती. एक दिवस मेसवाल्या काकांच्या नावाचा एक चॅट स्क्रीनशॉट आला, त्यात ते शिळं अन्न वापरल्याचं कबूल करत होते. मी दहा मिनिटांत टाकला. संध्याकाळी कळलं, आमच्याच एकाने तो बनवला होता. पोस्ट काढली, माफी टाकली. पण स्क्रीनशॉट आधीच शंभर ग्रुपवर फिरत होता. जेवण खरंच वाईट होतं हो! पण तो चॅट खोटा होता, आणि मी काकांना एक फोनसुद्धा केला नव्हता.

म्हणून बर्वे प्रकरण वाचलं की मला टिळक-आगरकरांचा राग येत नाही. आपलं मत आधीच ठरलेलं असतं, मग पुरावा हातात आला की तो तपासावासाच वाटत नाही.

बर्व्यांनी खटला भरला. तो चालू असतानाच, मार्च १८८२ मध्ये, या मंडळींचे आधारस्तंभ विष्णुशास्त्री चिपळूणकर अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. वरून कोर्टात पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण ती पुरली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात. टिळकांचा २६ वा वाढदिवस तिथेच गेला.

या खटल्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट जामिनाची आहे. दहा हजार रुपये, त्या काळात! ती सोय कुणी केली? जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी. चिपळूणकरांनी फुल्यांवर किती झोंबरी टीका केली होती हे माहिती असेल, तर या मदतीचं मोल कळेल. मतभेद तसेच राहिले, पण माणसं उभी राहिली.

२६ ऑक्टोबरला दोघं सुटले, एकशे एक दिवसांनी. बाहेर जंगी स्वागत झालं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. दोघांची लोकप्रियता उलट वाढली, आणि मला वाटतं, त्यामुळेच पत्रं खोटी होती हा भाग आपण विसरून गेलो. बर्व्यांच्या बाजूने कुणी मिरवणूक काढल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

मग महाराजांचं काय झालं? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, नजरकैदेत, ग्रीन नावाच्या गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. वय फक्त वीस. म्हणजे महाराजांच्या जिवाची लोकांना वाटणारी काळजी फुकटची नव्हती. पण त्यामुळे ती पत्रं खरी ठरत नाहीत, आणि बर्व्यांवरचा आरोपही सिद्ध होत नाही. उलट झालं असं की खोट्या पत्रांमुळे खरा प्रश्न मागे पडला आणि कोर्टात चर्चा राहिली ती अक्षर कुणाचं याची.

पुढे १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा त्या गादीवर दत्तक आला. तेच राजर्षी शाहू महाराज. ज्या गादीसाठी 'केसरी'चे संपादक तुरुंगात गेले, त्याच गादीवरच्या शाहूंविरुद्ध वेदोक्त प्रकरणात 'केसरी' लिहायला उभा राहिला. ती गोष्ट पुढच्या भागात. तोवर भेटू!