आत या

आपल्याकडे दारात अनोळखी माणूस आला की पहिला प्रश्न असतो, "कुठले आपण?" आणि दुसरा, "आडनाव काय?" मग पाणी. मीही यातलाच, उगाच नाही कशाला म्हणा! म्हणूनच ल शाँबों या फ्रेंच गावाची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते.

सुमारे हजार मीटर उंचीवरचं हे थंड, गरीब गाव. कॅथलिक फ्रान्समधलं प्रॉटेस्टंट. १६८५ मध्ये राजाने त्यांच्या पंथाला मिळालेली मोकळीक काढून घेतली, तेव्हापासून पुढे शंभर वर्षं लपून प्रार्थना करणाऱ्यांचे हे वंशज. लपणं म्हणजे काय, हे त्यांना घरातच ऐकायला मिळालेलं.

१९४०-४१ च्या हिवाळ्यात पाद्री आंद्रे त्रोकमे यांच्या दारात बर्फाने भिजलेली एक जर्मन ज्यू बाई उभी राहिली. त्यांच्या पत्नी मागदा म्हणाल्या, आत या. बाईंना स्वयंपाकघरात बसवलं, बूट वाळायला ठेवले आणि मागदा कागदपत्रांची सोय बघायला मेयरकडे गेल्या. मेयर भडकले. एका परक्या बाईसाठी गाव धोक्यात घालायचं? उद्याच तिला घालवा. मागदा परत आल्या, तर इकडे बूट जळून गेलेले! त्या टंचाईत त्यांनी कुठून तरी दुसरे मिळवले, पण बाईंना पाठवावंच लागलं.

म्हणजे सुरुवात अपयशाने झाली, हे लोक विसरतात. त्यातून धडा एवढाच घेतला, की यापुढे सरकारला विचारायचं नाही. मग शेतघरं, वसतिगृहं, खोट्या ओळखपत्रांची जुळवाजुळव सुरू झाली. गावात आणि आसपासच्या पठारावर हजारो जीव वाचले. किंमतही मोजली. आंद्रेंचे नातेवाईक दानिएल त्रोकमे जून १९४३ मध्ये विद्यार्थ्यांबरोबर पकडले गेले आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छावणीत वारले.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती फेब्रुवारी १९४३ ची संध्याकाळ. पोलिस आंद्रेंना अटक करायला आले. ते घरी नव्हते, म्हणून वाट पाहत थांबले. ते आल्यावर मागदांनी पोलिसांनाही जेवायला बसवलं. पुढे लोकांनी विचारलं, अहो, असं कसं जमलं? त्यांचं म्हणणं एवढंच, की जेवणाची वेळ झाली होती आणि अन्न तयार होतं.