जेसीचा हात आणि साहेबाचं घड्याळ

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक पिशव्या शिवायच्या कामावरून चांगलीच लांबली. ठेकेदाराचा माणूस आला होता. गटातल्या सगळ्यात चपळ वहिनींच्या मशीनजवळ तो बसला, मोबाइलवर वेळ लावली आणि तासाला किती पिशव्या होतात ते मोजलं. वहिनींना वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यांनी पाय आणखी जोरात चालवला. तास भरल्यावर तो म्हणाला, "यांना जमतं ते बाकीच्यांना का जमू नये? आता पिशवीचा दर याच हिशेबानं धरू." म्हणजे दर उतरला. वहिनींनी जी मान खाली घातली ती चहा येईपर्यंत वर केली नाही.

त्या दिवशी मला जेसी ईडनची आठवण झाली. इतिहास हा माझा बी.ए.चा विषय. वाफेचं इंजिन आणि कापडगिरण्या आम्ही पाठ केल्या, पण ही बाई कधी परीक्षेला आली नाही. तिची गोष्ट मला पुढं वाचनात सापडली. आज तीच सांगते.

गोष्ट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराची आहे. तिथं १८६० च्या सुमारास जोसेफ लुकास नावाचा एक माणूस हातगाडीवर रॉकेल विकत गल्लोगल्ली फिरायचा. पुढं तो दिवे बनवायला लागला. आधी जहाजाचे, मग सायकलचे, आणि मोटारी आल्यावर मुलाबाळांच्या हाताखाली मोटारीचे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात मोटारी वाढल्या तसा हा कारखानाही वाढत गेला. दिवे, भोंगे, डायनॅमो, स्टार्टर, बॅटऱ्या, म्हणजे मोटारीत विजेवर चालणारं जे जे काही असतं ते बहुतेक लुकासकडून यायचं. मोटार विकली जायची दुसऱ्याच्या नावानं, पण तिच्या पोटातले सुटे भाग इथले. याच कंपनीनं १९६१ साली मद्रासला टीव्हीएसच्या भागीदारीत कारखाना काढला, म्हणून लुकास हे नाव आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनाही ठाऊक असतं.

ग्रेट किंग स्ट्रीटवरच्या त्या कारखान्यात हजारो पोरी कामाला होत्या. शाळा सुटायची चौदाव्या वर्षी, की लगेच कारखाना. केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची, बारीक स्क्रू बसवायचे, पत्र्याला दाब द्यायचा, धातूला कानस मारायची. मालक लोक म्हणायचे, पोरींची बोटं नाजूक असतात, हे काम त्यांनाच शोभतं. आपल्याकडं वायरिंगच्या जोडणीवर बायका घेतानाही हेच सांगतात, तुम्ही ऐकलं असेल. बोटांची तारीफ खूप, पण पगार पुरुषाच्या साधारण निम्मा. शिवाय मोटारीचा धंदा हंगामी. गिऱ्हाईक वसंतात गाडी घेणार, म्हणून थंडीत कामाची झुंबड, आणि हंगाम सरला की पोरी घरी. आपली ऊसतोडीची कुटुंबं हे गणित लगेच ओळखतील.

त्यात १९३० च्या आसपास बेदो पद्धत आली. चार्ल्स बेदो हा फ्रान्समध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत जाऊन श्रीमंत झालेला माणूस. त्यानं माणसाच्या कामाला मापच काढलं. जसं दुधाला लिटर, तसं कामाला 'बी'. एका मिनिटात सामान्य कामगार जेवढं काम करील, श्वास घ्यायला लागणारा क्षणसुद्धा त्यात धरून, तो एक बी. तासाला साठ बी झालेच पाहिजेत. त्यावर जास्त केलं तर बोनस.

ऐकायला बरं वाटतं ना? पण हिशेब बघा. आपण गटाची वही लिहिणाऱ्या बायका आहोत, आपल्याला तो लगेच कळेल. एखादीनं तासाला ऐंशी बी काम केलं, म्हणजे वीस जादा. मूळ पद्धतीत त्यातल्या पंधराचेच पैसे तिला मिळायचे. उरलेल्या पाचाचे तिच्या डोक्यावरचा मुकादम आणि इतर वरच्या लोकांना. म्हणजे तिला पळवण्यात मुकादमाचाही वाटा! आणि मुळात साठ म्हणजे किती काम, हे ठरवणार घड्याळवाला साहेब. पोरीच्या पाठीशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहायचा आणि हात कुठून उचलला, कुठं ठेवला, किती सेकंद गेले ते टिपून घ्यायचा. लघवीला जायचं तरी सेकंदांचा विचार करावा लागायचा.

जेसी शॉक अॅब्सॉर्बर भरायचं काम करायची. आपण ज्याला शॉकअप म्हणतो तेच. हाताला फार वेगवान. १९२६ सालच्या मे महिन्यात इंग्लंडभर सार्वत्रिक संप झाला, तेव्हा आपल्या खात्यातल्या बायकांना बाहेर काढणारी तीच होती, म्हणजे वरच्यांना ती माहीत होती. एक दिवस तिच्या लक्षात आलं, की साहेब घड्याळ घेऊन नेमका तिच्याच मागं उभा राहतोय. कारण उघड होतं. तिचा वेग तो सगळ्यांचा वेग. तिच्या शेजारची, जिला चौदावं सरून पंधरावं लागलंय किंवा जी रात्रभर आजारी आईजवळ जागलीय, तिलाही जेसीच्याच मापानं मोजणार.

मला या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की जेसीला स्वतःला या पद्धतीत तोटा नव्हता. ती साठ काय, ऐंशीसुद्धा सहज ओलांडली असती आणि बोनस घेऊन घरी गेली असती. तिनं तसं केलं नाही. तिनं खात्यातल्या पोरींना गोळा केलं आणि मदत मागायला इंजिनिअरिंग कामगारांच्या मोठ्या युनियनकडे गेली. तिथं उत्तर मिळालं, आम्ही बायकांना सभासद करत नाही. हसू नका, खरंच तसा नियम होता. त्या युनियननं बायकांसाठी दार उघडलं ते १९४३ साली, निम्मं दुसरं महायुद्ध बायकांच्या हातांवर निभावून नेल्यानंतर! मग ती वाहतूक कामगारांच्या युनियनकडे गेली, त्यांनी हो म्हटलं.

आणि पोरी बाहेर पडल्या. शे-दोनशे नव्हे, दहा हजारांच्या आसपास. त्यातल्या बहुतेकींनी तोवर युनियनचं कार्डही पाहिलेलं नव्हतं. मंदीचा काळ, दारोदार बेकार माणसं, गेटवर एका नोकरीला दहा उमेदवार. तरी आठवडाभर त्या आत गेल्या नाहीत, आणि कंपनीनं बेदो पद्धत मागं घेतली. काही काळानं तिच्याच जातीची दुसरी पद्धत वेगळ्या नावानं आली, तेही सांगायला हवं. पण या वेळी ती बायकांशी बोलून, दबकत आणावी लागली.

परवा हप्ते गोळा करायला गेले तेव्हा हे सगळं मी वहिनींना सांगितलं. मशीन न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं, "मग त्या बाईची नोकरी राहिली का हो ताई?"

नाही राहिली. युनियननं तिला सोन्याचं पदक दिलं, पण लुकासमधलं काम गेलं. पुढं ती रशियात गेली, मॉस्कोत जमिनीखालच्या रेल्वेचं काम चालू होतं तिथं राबली, परत बर्मिंगहॅमला आली. १९३९ साली नगरपालिकेच्या घरांचं भाडं वाढलं तेव्हा हजारो भाडेकरूंच्या भाडेबंदीत ती पुन्हा पुढं होती. १९८६ साली वारली.

वहिनींनी दोरा तोडला, पिशवी बाजूला टाकली. म्हणाल्या, "माझा एकटीचा हात मोजून दर ठरवायचा नाही, हे त्या माणसाला मी सांगते. पण तुम्ही पाच जणी माझ्या शेजारी बसा. त्यात धाकट्या जाऊबाईही हव्यात, त्यांना अजून बॉबिन भरायला वेळ लागतो. तोही वेळ धरू देत." ठेकेदाराचा माणूस येत्या गुरुवारी येणार आहे.